लाल कानाची

हे गेले तेव्हा घरात दोघंच उरलो, मी आणि बाल्कनीतल्या टबात राहणारं एक कासव.

कासव मुलाचं. कॉलेजात असताना त्याने ते झाकणाला भोकं पाडलेल्या डबीतून आणलं, तेव्हा ते बिस्किटाएवढं होतं. पाठ पोपटी, आणि दोन्ही डोळ्यांमागे कुंकवाचं बोट ओढल्यासारखी लाल पट्टी. दुकानदाराने त्याला सांगितलं होतं की हे एवढंच राहतं. पुढच्या वर्षी ते वाटीएवढं झालं. मुलगा नोकरीसाठी परदेशी गेला तोवर ताटलीएवढं. काचेची पेटी पुरेना म्हणून ह्यांनी कपडे भिजवायचा मोठा टब आणून बाल्कनीत ठेवला, आणि निवृत्तीनंतर कासवाचं सगळं आपल्याकडे घेतलं. दिवसाआड पाणी बदलायचं, पालकाची पानं, कोरडे दाणे, रविवारी दोन कोळंब्या. मी त्यात कधी पडले नाही. मी पॅथॉलॉजी लॅबमध्ये होते. जन्मभर मायक्रोस्कोपला डोळा लावून बसल्यावर घरी येऊन आणखी काही न्याहाळायची हौस माझ्यात उरत नसे.

हे गेल्यावर ते काम माझ्याकडे आलं. ठाण्यातल्या नौपाड्यात आमचं घर तिसऱ्या मजल्यावर आहे. समोर दवाखाना, खाली वाणी, दिवसभर माणसांचा राबता. पण माझ्या दाराची बेल आठवडा आठवडा वाजायची नाही. दुपारी जेवून पडलं की टबातून आवाज यायचा. कासव कडेवर चढायला बघायचं आणि घसरून पाठीवर आपटायचं. ठक. मग बराच वेळ काही नाही. मग पुन्हा ठक. सुरुवातीला तो आवाज मला बरा वाटायचा, घरात कुणीतरी वावरतंय असं वाटायचं. पुढे तो ऐकवेना. माझी कंबर धरली होती, भरलेला टब कलता करणं जमेना, आणि पाणी चार चार दिवस तसंच राहू लागलं. हिरवट वास घरात यायला लागला.

मुलाला फोनवर सांगितलं. तो म्हणाला, "आई, कुठल्या तरी तलावात सोडून दे ना. तुझा त्रास वाचेल. आणि त्यालाही तिथे बाकीची कासवं भेटतील."

हे मला पटलं. ठाण्यातल्या तलावांना कठडे आहेत, राखणदार आहेत, सकाळ-संध्याकाळ चालणारी ओळखीची माणसं आहेत. मला आंबिवलीचं तळं आठवलं. लग्नानंतरची पहिली तीन वर्षं आम्ही आंबिवलीला भाड्याच्या खोलीत काढली होती. संध्याकाळी आम्ही गावामागच्या त्या तळ्यापर्यंत चालत जायचो आणि बांधावर बसायचो. ह्यांना फार बोलायची सवय नव्हती, मलाही नव्हती. अंधारायला लागलं की उठून परत यायचो.

जानेवारीतल्या एका बुधवारी मी कासव बादलीत घातलं, वर ओला टॉवेल टाकला आणि रिक्षाने स्टेशनवर गेले. दुपारच्या टिटवाळा गाडीत तुरळक बायका होत्या. समोरच्या बाईने विचारलं, "मासे आहेत का?" मी हो म्हटलं.

तळं तिथेच होतं. थोडं आकसलेलं, एका बाजूला इमारतींची कामं चाललेली. मी बांध उतरून कासव पाण्याच्या कडेला ठेवलं. ते मान आत ओढून बसलं. मग मान बाहेर आली, पाय बाहेर आले, आणि ते सरळ पाण्यात शिरलं. चार बुडबुडे वर आले. मी अर्धा तास थांबले, पण ते काही पुन्हा दिसलं नाही.

घरी येऊन टब घासला आणि उलटा करून ठेवला. दुसऱ्या दिवशी दुपारी पडले तर झोप लागेना. उठून रेडिओ लावला. भाजीवाल्याकडे हात आपोआप पालकाच्या जुडीकडे जायचा आणि घरी आल्यावर ध्यानात यायचं की एवढा पालक आता खाणार कोण. असे पंधरा दिवस काढले आणि मग मी पुन्हा आंबिवलीला गेले. नुसतं बघून येऊ म्हटलं.

तळ्यात काठापासून थोड्या अंतरावर एक सपाट खडक आहे. त्यावर एक कासव ऊन खात बसलं होतं. मला इतकं हायसं वाटलं की मी बांधावर उभी राहून त्याच्याशी बोलायलाच लागले. बरा आहेस ना, खातोस ना नीट, असं काहीबाही.

"कोनाशी बोलतेस, बाय?"

मागे एक बाई उभी होती. कासोट्याचं लुगडं, पोटऱ्यांपर्यंत चिखल, हातात निथळणारं जाळं. ती कोळीण होती, खाडीकाठच्या कोळीवाड्यातून लग्न होऊन या गावात आलेली, हे मला नंतर कळलं. तळ्यात आणि खाली नदीला मासे धरायची आणि स्टेशनाशी बसून विकायची.

"माझं कासव आहे, मावशी," मी म्हटलं. "मी सोडलं होतं इथे."

"मावशी कोनाला बोलतेस? तुज्याच उमरीची असन मी." तिने कपाळावर आडवा हात धरून खडकाकडे बघितलं. "आन ते तुजं कसं? ते आमचे तल्यातलं हाय. माजं लगीन जालं तवापासून बगतंय मी ही कासवं."

"पण अगदी तसंच दिसतंय."

"तसंच कसं दिसंल? पाठ बग. तीन धारा हायत पाठीवर, या टोकापासून त्या टोकापर्यंत. तुज्याला होत्या?"

मला सांगता येईना. इतकी वर्षं घरात असलेल्या प्राण्याच्या पाठीवर काय होतं आणि काय नव्हतं, मला आठवत नव्हतं. जन्मभर मी परक्यांच्या रक्तातली एक पेशी दुसरीपासून वेगळी काढत आले होते. ह्या घरच्या जिवाकडे मी धड पाहिलंच नव्हतं, हे मला तिच्यासमोर उभं असताना लागलं.

"डोळ्यामागे लाल पट्टी होती," मी म्हटलं.

ती जाळं झटकायची थांबली. "त्यो लाल कानाचा? त्यो तू सोडलास?"

"हो. का?"

"त्यो खडकावर कोनाला बसू देत नाय. बारकं येकादं चढाया लागलं की ढकलतो. दोनदा बगितलं मी." ती रागावली नव्हती. जे बघितलं ते सांगत होती. "एवरं मोटं तलं, पन बसाया खडक येकच हाय," म्हणाली, आणि जाळं खांद्यावर टाकून बांधाच्या पलीकडे उतरली.

घरी आले ती अस्वस्थ होऊनच. दोन दिवसांनी, प्राण्यांना सोडवून आणणारी एक संस्था ठाण्यात आहे असं समजलं, तिथे फोन केला. एक तरुण पशुवैद्य मुलगी बोलली. मी सगळं सांगितलं. तिने शांतपणे ऐकून घेतलं.

"काकू, ते आपल्याकडचं कासव नाही. मूळ अमेरिकेतलं. लोक लहान असताना घेतात आणि मोठं झालं की सोडतात. तुम्ही पहिल्या नाही."

"मी त्याच्या भल्यासाठी सोडलं."

"सगळे त्याच्या भल्यासाठीच सोडतात. पण ते खातं जास्त, ऊन खायची जागा अडवतं, आणि त्याच्या अंगावरचे आजार आपल्या कासवांना होऊ शकतात."

आजार म्हटल्यावर मी खुर्चीवर बसले. टबातलं ते हिरवं पाणी माझ्या डोळ्यांसमोर आलं. "मग आता काय करू?"

"धरून आणलंत तर आम्ही ठेवून घेऊ. पण आधी फोटो पाठवा. आपल्या रानातलं कासव घरी नेणं गुन्हा आहे, चुकून दुसरंच उचलू नका."

पुढच्या शनिवारी मी फोटो काढून पाठवला. उत्तर आलं, "हे आपलं काळं कासव. तिथेच राहू द्या." त्याच्या पुढच्या बुधवारी आणखी एक पाठवला, पाण्यावर आलेल्या नुसत्या नाकाचा. "काकू, हे आपलं मऊ पाठीचं. नाक बघा, नळीसारखं." दोन्हीवेळा मला खात्री होती की ते माझंच आहे.

मग मी लॅबमध्ये करायचे तसं केलं. एक वही घेतली. आधी काही ठरवायचं नाही, फक्त दिसेल ते लिहायचं. हे आमच्या वरिष्ठांनी मला पहिल्या आठवड्यात शिकवलं होतं आणि मी पुढे कितीतरी मुलींना शिकवलं होतं. मुलाची जुनी दुर्बीण माळ्यावरून काढली. बुधवारी आणि शनिवारी सकाळचं आवरून निघायचं, दहाच्या सुमाराला बांधावर, आणि ऊन टोचायला लागेपर्यंत बसायचं.

हळूहळू डोळा बसला. काळ्या कासवाची पाठ दगडासारखी टणक, आणि तिच्यावरच्या त्या तीन धारा ओल्या असताना चमकतात. चाहूल लागली की ते गडबड न करता, एकेक पाय टाकत पाण्यात उतरतं. मऊ पाठीचं क्वचितच बाहेर येतं. आलं तर त्याची पाठ गुळगुळीत, चामड्यासारखी, कडेला लवचीक. एकदा कोळिणीच्या जाळ्यात एक आलं, तेव्हा तिने ते उलटं करून मला दाखवलं. पोटाखाली मागच्या बाजूला दोन पडद्या होत्या. मागचे पाय आत घेतले की ते त्या पडद्या दारासारख्या ओढून घेत होतं. मी त्याच्या पायाची नखं मोजली. प्रत्येक पायाला तीन. काळ्याच्या पुढच्या पायाला पाच.

"पूर्वी आमच्या घरात हे खायाचे," ती म्हणाली. "माजा सासरा तर तेल काराचा ह्याचं. आता कोन खात नाय. मी तर सोरूनच देतंय." आणि तिने ते पाण्यात सोडलं.

आमच्यात फार बोलणं व्हायचं नाही. ती जाळं टाकायची, मी लिहायचे. अकरा वाजता ती तांदळाची भाकरी आणि सुकटीची चटणी काढायची. मी मासे खात नाही हे पहिल्याच दिवशी तिला कळलं होतं, तेव्हापासून ती माझ्यासाठी कोरडी भाकरी वेगळी बांधून आणायची. मी घरून लाडू नेले तर एक खायची आणि एक पदराला बांधायची. "तुजा घरवाला?" तिने एकदा विचारलं. मी सांगितलं. "माजा बी," ती म्हणाली, आणि जाळ्यात अडकलेलं गवत वेचायला लागली.

मुलाने एकदा फोनवर विचारलं, "आई, एका कासवासाठी तू रोज ठाण्याहून आंबिवलीला जातेस?"

"रोज नाही. बुधवारी आणि शनिवारी."

मागे त्याच्या घरातली भांडी वाजत होती. "उन्हात बसू नकोस फार," म्हणाला.

मार्चमध्ये लाल कानाचं मला पहिल्यांदा नीट दिसलं. खडकावर एकटंच बसलं होतं, मागचे पाय हवेत ताणून. दुर्बिणीतून बघितलं तर लाल पट्टी शेवाळाने झाकली होती, पण मानेवरच्या पिवळ्या रेघा स्पष्ट दिसल्या. पाठीवर धारा नव्हत्या. मी फोटो पाठवला. ह्यावेळी पशुवैद्य मुलीने लगेच फोन केला.

"हेच. काकू, ह्याच्या पुढच्या पायाची नखं आखूड होती की लांब?"

"आखूड." आता मला हे सांगता येत होतं.

"आणि शेपूट?"

"छोटी."

"मग ही मादी आहे. नराची नखं चांगली लांब असतात. घरी असताना कधी अंडी घातली होती का?"

मी नाही म्हणणार होते. मग आठवलं. हे जायच्या आदल्या उन्हाळ्यात टबाच्या तळाशी लांबट पांढरं काहीतरी सापडलं होतं, दोन-तीन. ह्यांनी मला हाक मारून दाखवलं होतं. मी कुकर लावत होते. तिथूनच म्हटलं, "वरच्या मजल्यावरून काहीतरी पडलं असेल, टाकून द्या." ह्यांनी टाकून दिलं. एवढी वर्षं आम्ही तिला 'तो' म्हणत होतो. नर सोबत नव्हता, त्यामुळे त्या अंड्यांतून काही निघणार नव्हतं, हे त्या मुलीने समजावून सांगितलं. पण टबात तिला ती घालायला माती मिळाली नव्हती. दुपारभर ती कडेवर चढत होती ती कदाचित त्याचसाठी असेल.

"उन्हाळ्यात ती कोरड्यावर येईल," मुलगी म्हणाली. "पाण्यात तुम्हाला सापडायची नाही. बाहेर आली की उचला."

एप्रिल संपताना तळं निम्म्यावर आलं. मऊ पाठीची कासवं दिसेनाशी झाली. कोळीण म्हणाली, ती चिखलात जाऊन बसतात, चालताना पायाला लागतात. मेच्या पहिल्या आठवड्यात तिने सुनेच्या मोबाइलवरून मला फोन केला. तिचा पहिलाच फोन. "लाल कानाची दोन दिस बाहेर येतेय. बांधावर फिरते आन परत जाते. तू ये."

मी दुसऱ्या दिवशी सकाळपासून जाऊन बसले. ती दुपार कलल्यावर आली. पाण्यातून निघून बांध चढली, करवंदीच्या जाळीपाशी थांबली, जमीन हुंगल्यासारखी मान फिरवली. मी उठले तर कोळिणीने माझं मनगट धरलं.

"थांब. घालू दे तिला."

"पळाली तर?"

"आता नाय पळत. आता तिला दुसरं काय सुचत नाय."

आम्ही दोघी पाच-सहा हातांवर उकिडव्या बसलो. ती मागच्या पायांनी उकरत होती. एक पाय माती काढायचा, दुसरा बाजूला सारायचा. मान वळवून ती एकदाही मागे बघत नव्हती. जमीन कडक होती, तिने स्वतःचं पाणी सोडून ती भिजवली. बराच वेळ गेला. माझे गुडघे दुखून आले, पण हलावंसं वाटेना. मग एक अंडं पडलं. ते तिने मागच्या पायाने अलगद आत घेतलं. मग दुसरं. कोळीण ओठांतल्या ओठांत मोजत होती. नऊ झाली.

ती माती ओढायला लागली तेव्हा मी पुढे झाले आणि दोन्ही हातांनी तिला उचललं. ती जड होती, पहिल्यापेक्षा जड. तिने पाय झाडले, माझ्या मनगटावर नख ओढलं, आणि मग मान आत घेतली. तळ्यात दुसऱ्या कुणी नर सोडला असेल तर, म्हणून अंडीही आणा असं सांगितलेलं होतं. ती कोळिणीनेच काढली. आपल्या पदराच्या टोकात घेतली, मग माझ्या टॉवेलात ठेवली.

त्याच संध्याकाळी मी कासव आणि अंडी ठाण्यातल्या त्या संस्थेत पोहोचवली. पशुवैद्य मुलीने वजन केलं, डोळे बघितले, तोंड उघडून बघितलं. तब्येत चांगली आहे म्हणाली. महिनाभर वेगळं ठेवून तपासण्या झाल्या की मोठ्या हौदात सोडू, तेव्हा या बघायला.

जूनच्या शेवटी गेले. शेडखाली सिमेंटचा हौद होता, त्यात फळ्या टाकलेल्या. फळ्यांवर एकावर एक कासवं बसली होती. सगळी लाल कानाची, सगळी कुणाच्या ना कुणाच्या घरून आलेली. आता मी दुरून एका नजरेत जात सांगू शकत होते. काठावर उभी राहून मी एकेक बघत गेले. आखूड नखं, म्हणजे मादी. ह्या मादीच्या मानेवर चार रेघा, त्या मादीच्याही चार. सुमारे एवढीच पाठ, एवढाच रंग. मी वही काढली, तिच्यात माझ्या कासवाबद्दल लिहिलेलं वाचलं, पुन्हा हौदात बघितलं. लिहिलेलं सगळं सगळ्यांना लागू पडत होतं.

"तुमची कुठली, सापडली का?" मुलीने विचारलं. तिच्या हातात पालकाची टोपली होती.

"नाही," मी म्हटलं.

"नोंद बघून सांगू का?"

"असू दे."

तिने पालक टाकला. सगळी एकदम पाण्यात उतरली आणि फळ्या रिकाम्या झाल्या. मी थोडा वेळ उभी राहिले, मग चालत घरी आले.

त्यानंतर मला आंबिवलीला जायचं काही कारण नव्हतं. पावसाचे दोन महिने मी गेलेही नाही. सप्टेंबरमध्ये एका बुधवारी डबा भरला आणि निघाले. तळं भरलं होतं. कोळीण दिसली नाही म्हणून तिच्या घरी गेले, ते गावाच्या कडेलाच आहे. सून दारात कपडे पिळत होती. म्हणाली, सासूबाईंच्या डोळ्याचं ऑपरेशन झालं, महिनाभर लेकीकडे विठ्ठलवाडीला आहेत. पाण्यात उतरायचं नाही असं डॉक्टरांनी सांगितलंय. बसा, चहा ठेवते म्हणाली. मी लाडवांचा डबा तिच्याकडे दिला आणि बसले नाही.

बांधावर जाऊन बसले. पाणी वर आल्यामुळे खडकाचा हातभरच भाग दिसत होता. बऱ्याच वेळाने एक काळं कासव त्यावर चढलं, आणि त्याच्या मागून आणखी एक, बशीएवढं, छोटं. मोठं थोडं सरकलं. दोघं बसली. मी वही आणली नव्हती, म्हणून तिकिटाच्या मागे लिहिलं: काळी, दोन, एक मोठं, एक लहान. वेळ लिहिली. फोटो काढून पशुवैद्य मुलीला पाठवला. तिचं उत्तर आलं, "छान, काकू."

ऊन वर येईपर्यंत ती दोघं तिथेच होती. एक वाजताची गाडी मिळेल म्हणून मी उठले.